जुम्बेरच्या नावाचा उजेड

९ जानेवारी १९९६

स्वयंपाकघरात सहा अंश. बाहेर उणे चार. वेधशाळेत आता फक्त पहारेकरी जातो, पण वीस वर्षांची सवय सुटत नाही — सकाळ-दुपार तापमापक बघायचा आणि लिहायचं. तेव्हा सरकारी वहीत लिहीत होते, आता इथे.

लाइट नाही. अकरावा दिवस. परवा सात तारखेला, आमच्या नाताळला, नक्की देणार म्हणाले होते. दिली की! समोरच्या इमारतीला. तिथे कुणा बड्या साहेबाचा मेहुणा राहतो. अख्खी इमारत पिवळीधमक, आणि आमच्या जिन्यात लोक भिंत चाचपत पायऱ्या मोजताहेत. त्यांच्या खिडक्यांतून येणाऱ्या उजेडात मी कांदा चिरला. तिबिलिसीत यंदा एवढंच मिळतं — दुसऱ्याच्या घरातून सांडलेलं.

१० जानेवारी

मोठ्या खोलीतल्या लाकडी जमिनीच्या शेवटच्या पट्ट्या आज शेगडीत घातल्या. त्यावर राजमा शिजला, एक बादली पाणी कोमट झालं, संपलं. ती जमीन जुम्बेरनं स्वतः बसवली होती, तेओना पोटात होती तेव्हा. गुडघे टेकून, कानावर पेन्सिल. परत आला की ओरडेल. ओरडू दे. तेवढा आवाज तरी घरात होईल.

११ जानेवारी

आम्ही तिघी स्वयंपाकघरातच राहतो. मी, तेओना, सासूबाई. पत्र्याच्या शेगडीचं धुराडं खिडकीतून बाहेर काढलंय, काचेच्या जागी पत्रा ठोकलाय. धुराड्यापाशी घरातली सगळ्यात उबदार खुर्ची. तिथे सासूबाई. मीच दिली ती जागा. मनापासून दिली नाही, एवढंच.

आज लिहूनच टाकते. युद्धात सोखुमी शत्रूच्या हाती पडलं तेव्हा जुम्बेर तिथून आईला आणायला गेला. मी म्हटलं होतं, नको जाऊस, गावचे लोक निघालेत, ते आणतील त्यांना. म्हणाला, "लामारा, आई आहे ती, लिफ्ट नाही — कुणीही जाऊन सोडवावी अशी." लिफ्टचा मेकॅनिक आहे तो. 'आहे' असंच लिहायचं.

सतरा दिवसांनी सासूबाई आल्या. एकट्या. बर्फातल्या खिंडीतून चालत, डाव्या पायाची दोन बोटं काळी पडलेली. म्हणाल्या, त्यानं मला खिंडीच्या पायथ्याशी लोकांच्या हवाली केलं आणि मागे फिरला — शेजारच्या लुळ्या म्हातारीला आणायला.

सव्वादोन वर्षं झाली. दर महिन्याला बेपत्ता लोकांच्या यादीत त्याचं नाव बघायला जाते. नाव तिथेच असतं. तिथे आहे म्हणजे दुसऱ्या यादीत नाही, असं म्हणून परत येते.

आईला आणायला गेला. आई आली. यापुढे माझ्या मनात जे येतं ते मी या वहीतसुद्धा लिहिणार नाही.

१२ जानेवारी

पंप बंद, म्हणून पाणी वर चढत नाही. खालच्या नळावरून सहा बादल्या, सातवा मजला. चौथ्या खेपेला पाचव्या मजल्यावर बसून राहिले. उठावंसंच वाटेना. मग पाण्यावर बर्फाची साय धरायला लागली, म्हणून उठले.

१३ जानेवारी

शाक्रोदादांनी जिन्यात बैठक बोलावली. पूर्वी ट्राम चालवायचे, आता आमच्या जिन्याचे प्रमुख. म्हणजे लाइटच्या ऑफिसात जाऊन भांडायचं आणि हात हलवत परत यायचं काम त्यांचं. एका मेणबत्तीभोवती सगळे कोट-टोप्या घालून उभे.

ज्या घरात मयत होते त्या घराच्या लाइनीला दफन होईपर्यंत रोज संध्याकाळी लाइट देतात. लोक भेटायला येतात. मेलेल्या माणसाला अंधारात कसं ठेवायचं? या शहरात कायदा उरला नाही, पण एवढी लाज उरलीय. डिसेंबरात पलीकडच्या जिन्यातला म्हातारा किरिले गेला, तर त्यांना पाच संध्याकाळी मिळाल्या. बायकांनी चादरी धुऊन घेतल्या.

"आणि आपल्या जिन्यात कुणी मरतच नाही!" शाक्रोदादा म्हणाले. "सगळे म्हातारे ठणठणीत. खाता काय रे तुम्ही?"

"तुम्हीच घ्या की मनावर, दादा!" चौथ्या मजल्यावरची झुझुना म्हणाली.

"मी तयार आहे गं. पण मग अर्ज घेऊन ऑफिसात कोण जाईल? तुझा नवरा?"

सगळे हसले. मीही हसले. मग दादा सासूबाईंकडे वळले आणि आवाज खाली करून म्हणाले, "बाबुत्साकाकू, तुमच्या गावाकडे देह मिळाला नाही तर माणसाचे कपडे मांडून त्यावर रडतात ना?"

आता कुणी हसेना. माझ्याकडे कुणी बघेना.

मी मेणबत्ती फुंकली आणि वर निघून आले.

१४ जानेवारी

जुन्या पंचांगाचं नवं वर्ष. पाच अंश.

१५ जानेवारी

झुझुना वर आली. तिच्या मुलीचं बाळ पाच आठवड्यांचं. दुपटी वाळत नाहीत, दोरीवर पुठ्ठ्यासारखी कडक होतात. बाळाला कोटाच्या आत छातीशी बांधून ठेवतात, आंघोळ कसली घालणार?

"मी जुम्बेरला मारायला नाही सांगत गं, लामारा. चार संध्याकाळी. नुसतं कागदावर."

"कागदावर तुझ्या नवऱ्याला मार."

"त्याला रोज सगळे बघतात! जिन्यात पिऊन पडलेला असतो. कोण विश्वास ठेवील?"

दोघींना हसू आलं आणि त्याचाच मला जास्त राग आला. घालवून दिली तिला.

मग तेओना. पंधरा वर्षांची मुलगी, तीन आठवडे डोक्यावरून पाणी नाही. शाळेत प्रत्येकानं घरून एक लाकूड आणायचं. हिच्याकडे लाकूड नाही म्हणून ही मागच्या बाकावर, भिंतीशी. शेगडीवर बोटं चोळत म्हणाली, "आई, बाबा चार दिवस मेले तर काय बिघडलं? नंतर येऊ देत ना."

मी थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. ती रडलीसुद्धा नाही. गालावर हात ठेवून बसून राहिली. तेवढीच ऊब आली असेल.

सासूबाई धुराड्याकडे तोंड करून बसलेल्या. नातीला मारलं तरी वळून बघितलं नाही.

१६ जानेवारी

सही केली. सासूबाईंनी!

अर्जावर बायकोची किंवा आईची सही लागते. मी रॉकेलच्या रांगेत होते तेवढ्यात शाक्रोदादा कागद घेऊन वर आले. सासूबाईंनी चष्मा मागून घेतला, सगळा अर्ज सावकाश वाचला आणि सही केली. तेओनानं सांगितलं. हात कापत होता का, विचारलं. नाही म्हणाली.

मी तशीच डोक्यावरचा रुमाल न सोडता त्यांच्यासमोर उभी राहिले. "एका दिव्यासाठी?"

"मला रडायचंय."

"कुणावर? तो जिवंत आहे."

त्यांनी चष्मा पुसून डबीत ठेवला. मग म्हणाल्या, "तुला नको असेल तर तू नको रडूस."

मोठं मन बघा! परवानगी दिली मला.

१७ जानेवारी

मी त्यांच्याशी बोलत नाही. त्या माझ्याशी बोलत नाहीत. मधे तेओना. "आईला सांग, मीठ दे." — "आजीला सांग, समोरच आहे." चार अंश.

१८ जानेवारी

शाक्रोदादांनी ओळखीच्या सुताराकडून शवपेटीचं झाकण उसनं आणलं. मयताच्या घरी ते खाली दाराशी उभं करायचं असतं. ते दिसलं नाही तर वायरमनला पटायचं नाही. "मंगळवारी परत द्यायचंय, ओरखडा पडता कामा नये," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत होते. पेटी नाहीच. नुसतं झाकण.

सासूबाईंनी मोठ्या खोलीत कपडे मांडले. तिथे खाली उघडं सिमेंट, दोन अंश. दिवाण मधोमध ओढला. त्याचा करडा सूट काढला, ब्रश मारला. कोटाच्या आत सदरा घालून वरपर्यंत बटणं लावली. बाह्या छातीवर एकमेकींवर ठेवल्या. खिशात कंगवा, सिगारेटचं पाकीट. खाली पँट, त्याखाली बूट. मग त्यांनी लोकरीचे मोजे काढले. दोन जोड. एकात एक घातले आणि बुटांत नीट कोंबून बसवले.

"कपड्यांना थंडी वाजणार आहे का?" मी दारातून म्हटलं. बोलायचं नव्हतं, तरी निघून गेलं तोंडातून.

त्यांनी मोजे पुन्हा दाबून बसवले.

मी हात लावणार नव्हते. पण कॉलर एका बाजूनं मुडपली होती. ती सरळ केली. फक्त कॉलर.

१९ जानेवारी

संध्याकाळी पाच वाजता — "आली!" अख्खा जिना ओरडला. खालपासून वरपर्यंत पोरं, म्हातारे, सगळे. मीही ओरडले. हे लिहायला लाज वाटते, पण ओरडले.

फ्रिज थरथरला. रेडिओ मधूनच कुठूनतरी बोलायला लागला. सगळी बटणं आम्ही चालूच ठेवतो, त्यामुळे सगळं घर एकदम समोर आलं. देवा, किती काळं झालंय! छताला काजळी, कोपऱ्यात बुरशी, तेओनाच्या मानेवर मळाची रेघ. आणि मोठ्या खोलीत मोठ्या दिव्याखाली तो. अंधारात ते नुसते कपडे होते. उजेडात माणूस निजल्यासारखा दिसत होता.

वायरमन खात्री करायला वर आला. तरुण आहे, कानटोपी, हातमोज्यांची बोटं कापलेली. कपडे बघून टोपी काढली, रीतीप्रमाणे एक फेरी घातली आणि उशाशी ठेवलेल्या जुम्बेरच्या फोटोपुढे थांबला.

"सोखुमी?"

सासूबाईंनी मान हलवली.

"माझा भाऊ पण. पण आमची आई कपडे मांडू देत नाही. अजून त्याचं ताट वाढते." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही धीराच्या आहात, वहिनी."

मी धीराची! त्याच्या आईचा पत्ता विचारावासा वाटला. जाऊन तिच्याशेजारी बसले असते.

दार ओढून घेताना म्हणाला, "चार संध्याकाळी देतो. फक्त दिवे हं."

२० जानेवारी

आंघोळ केली. दोन बादल्या कढत पाणी. तेओनाचे केस धुतले, वाळवले, ती आरशासमोरून हलेना. इस्त्री केली. मक्याच्या भाकरी भाजल्या. नवऱ्याच्या मरणावर!

सहा वाजता शेजारी भेटायला आले. रांगेनं, मान खाली घालून, आणि सगळ्यांचे केस ओले. खोलीभर साबणाचा वास. झुझुनाच्या बाहीला पीठ लागलेलं. "किती हसरा होता गं," म्हणाली आणि खरंच रडली. तिचा रागही धड येईना.

तिच्या मुलीनं बाळ आणलं होतं. कोटाबाहेर, उघड्या डोक्याचं, गुलाबी. त्याचे हात मी आज पहिल्यांदा पाहिले.

सासूबाई उशाशी बसून होत्या. डोळ्यांत थेंब नाही. रडायचं होतं ना? चार माणसांसमोर जमत नाही वाटतं.

२१ जानेवारी

सात वाजता, खोली भरलेली असताना, खाली धाडकन आवाज झाला आणि अंधार. डीपी जळाला. अठ्ठावीस घरं, आणि प्रत्येकानं दोन-दोन तारेच्या शेगड्या लावलेल्या. वर ओव्हन, इस्त्र्या.

"तिसरी शेगडी कुणी लावली?"

"तूच लावली असशील!"

"माझी एकच होती, आईशप्पथ!"

"एकच? तुझ्या दाराबाहेर उकडत होतं!"

मयताच्या खोलीत, मयताच्या डोक्यावरून भांडण! शाक्रोदादा ओरडले, "अरे, दिवा मागितला होता आपण, दिवा! मेलेल्या माणसाला इस्त्री लागते का?"

आणि तेव्हा सासूबाईंनी सूर लावला. त्यांच्या गावच्या बायका रडताना गेलेल्याशी बोलतात, गात गात. मी ऐकून होते. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. भांडण तिथेच थांबलं.

झोपू नकोस रे जुम्बेर, म्हणत होत्या. ऊठ, बर्फ थांबलाय, ऊठ. तुझे हात काखेत धरले रे, तरी गारच. बूट निघेना, बूट पायाला गोठला. लोक म्हणतात चल म्हातारे, चल. कशी येऊ? तुला कुणापाशी ठेवून येऊ?

अर्धा तास. कुणी जागचं हललं नाही. पुरुष हुंदके देत होते. शाक्रोदादासुद्धा.

आणि मी भिंतीला टेकून दात आवळून उभी. एवढं तपशीलवार! त्या खिंडीतून आलेल्या प्रत्येकाकडे अशी एक गोष्ट आहे. कुणाची तरी ऐकलेली उचलली आणि आपल्या लेकाच्या अंगावर घातली. काय नटी आहे ही बाई! जिवंत मुलाला बर्फात निजवते. आणि तेही लाइट गेल्यावर, कुणाला काही मिळायचं उरलं नसताना.

२२ जानेवारी

वायरमन आला. जळलेल्या डीपीकडे बघितलं, जिन्यातल्या लोकांकडे बघितलं. आम्हालाच लाज वाटली. मग सात मजले चढून वर आला. काम नव्हतं वर काही. पुन्हा कपड्यांपुढे उभा राहिला.

जाताना मला म्हणाला, "आईला तुमच्याबद्दल सांगितलं, वहिनी. तुम्ही कसं केलंत ते. काल तिनं ताट वाढलं नाही."

मी दाराची कडी धरून उभी राहिले. खोटं आहे म्हणून सांगायला हवं होतं. धावत जायला हवं होतं त्याच्यामागे. तो चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत पावलं ऐकू येत होती. मी हलले नाही. सांगितलं तर पुन्हा कधी या जिन्याला लाइट देणार नाही, हा विचार आला होता. माझ्या डोक्यात. दुसऱ्या कुणाच्या नाही.

एका बाईचा मुलगा आम्ही मारला. चार चादरी आणि एका आंघोळीसाठी.

२३ जानेवारी

झाकण परत गेलं. एक ओरखडा पडलाय, त्यावर शाक्रोदादांनी मेण चोळलं.

डीपीला किती दिवस लागतील, सांगत नाहीत. पण दादा खचलेले नाहीत. "बाळाला तीन दिवस ऊब मिळाली, बास. आणि फेब्रुवारीअखेर जुम्बेरचा चाळिसावा दिवस येतोच. चाळिसाव्याला पण देतात लाइट. तेव्हा अर्ज टाकू. या वेळी घरटी एकच शेगडी! मी स्वतः दारं ठोठावून बघणार."

मी म्हटलं, "त्याच्या नावानं पुन्हा अर्ज केलात तर मी जीव देईन."

"मग तर पाच संध्याकाळी पक्क्या!" झुझुनाचा नवरा पायरीवरूनच ओरडला.

हसले. सगळे हसले. शाक्रोदादांनी त्याला लाथ घातली, पण हसत हसतच.

कपडे मी कपाटात ठेवले. घडी केली नाही, टांगले. सूट आल्यावर लागेल.

२४ जानेवारी

बाहेर उणे नऊ. आत तीन. सासूबाई आज धुराड्यापाशी बसल्याच नाहीत. तेओनाला बसवलं आणि आपण दाराजवळ, गारठ्यात. आता हे काय नवीन!

२६ जानेवारी

सकाळी चहा ओतताना त्यांना विचारलं. रागानंच. "ती खिंडीतली गोष्ट कुणाची उचललीत?"

म्हणाल्या, "माझी आहे."

तो मागे फिरलाच नव्हता. खिंडीत दुसऱ्या पहाटे गेला, त्यांच्या मांडीवर. "तू दार उघडलंस आणि माझ्यामागे जिन्यात बघितलंस गं. वाकून बघितलंस. माझ्या तोंडून खरं निघेचना. मग रोज वाटायचं, उद्या सांगीन."

दुपारी खाली गेले. शाक्रोदादांना म्हटलं, चाळिसाव्याचा अर्ज मी लिहिते. सहीही माझीच घ्या.

त्यांनी खुशीत माझ्या पाठीवर थाप मारली. "आत्ता कशी शहाणी झालीस, लामारा!"